कोण म्हणतं माणसं मिळत नाहीत?

“हल्ली माणसंच मिळत नाहीत हो!” हे ऐकायला हॉटेलमालकांच्या संघटनेच्या सभेला जावं लागत नाही. सलूनच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्याला ते ऐकू येतं, गॅरेजात स्कूटर टाकायला गेलेल्याला येतं, मंगल कार्यालयात शेवटच्या पंगतीनंतर दमून बसलेल्या केटररच्या तोंडूनही येतं. त्यापाठोपाठ ठरलेला पाढा सुरू होतो. पोरांना कष्ट नकोत, हातात फक्त मोबाइल हवा. सरकारनं फुकट धान्य आणि फुकट पैसे वाटून सगळ्यांना ऐतखाऊ करून ठेवलंय. शिकवावं, तर शिकून समोरच्याच दुकानात जातात. मराठी पोरांचं तर नावच काढू नका. आमच्या वडिलांच्या वेळी एकदा कामाला लागलेला माणूस केस पिकेपर्यंत दुकानाची पायरी सोडत नसे! बोलणारा खरोखर त्रासलेला असतो, ऐकणारा मान डोलावतो, आणि एक कटिंग चहा संपेपर्यंत अख्ख्या पिढीचा निकाल लागलेला असतो.

या निकालावर अपील व्हायला हवं. कारण त्यातलं एकेक कलम तपासायला घेतलं की हाताला दुसरंच काही लागतं.

सुरुवात फुकटच्या पैशांपासून करू, कारण हा आरोप आता टपरीवरून बराच वर पोहोचला आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात शहरी बेघरांच्या निवाऱ्याच्या प्रकरणाची सुनावणी चालू होती. फुकटच्या योजनांमुळे लोक कामाला तयार होत नाहीत, महाराष्ट्रात निवडणुकीआधी झालेल्या घोषणांमुळे शेतकऱ्यांना मजूर मिळेनासे झालेत, अशा आशयाचं मत न्यायमूर्ती भूषण गवई यांनी बोलून दाखवलं. काम मिळत असताना ते नाकारणारा माणूस या देशात विरळाच, असं प्रशांत भूषण यांनी तिथल्या तिथे सांगून पाहिलं. त्याच आठवड्यात चेन्नईत लार्सन अँड टुब्रोचे प्रमुख एस. एन. सुब्रह्मण्यन यांनीही मजूर मिळत नसल्याचं खापर योजनांवर फोडलं. एवढी मोठी माणसं म्हणतात म्हटल्यावर कोपऱ्यावरच्या स्नॅक्स सेंटरच्या मालकानं तरी वेगळं का म्हणावं?

आता आकडे पाहा. लाडकी बहीण योजनेत 21 ते 65 वयाच्या, वर्षाला अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला महिन्याला 1,500 रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला 50. रेशनवरचं फुकट धान्य सर्वसाधारण लाभार्थी कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो, म्हणजे दिवसाला 170 ग्रॅमही नाही. पुण्या-मुंबईत 50 रुपयांत मिसळीची एक प्लेट येत नाही. एवढ्यावर कोणी बारा-पंधरा हजारांची नोकरी सोडून घरी बसत असेल, तर चौकशी त्या बाईच्या आळसाची करायची की त्या नोकरीची? एक मात्र खरं. दर महिन्याला खात्यात येणाऱ्या 1,500 रुपयांनी काही बायकांना, रात्री अकरापर्यंत केटररची पातेली घासून पायी घरी जायला ‘नको’ म्हणण्याची ताकद दिली असेल. मालकाला जो आळस वाटतो तो बहुतेक वेळा हा नकार असतो. आणि राज्य सरकार उद्योगांना 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली सवलती देत आलं आहे. त्या घेऊन एखादा उद्योगपती आळशी झाला, त्यानं कारखान्यात जाणं बंद केलं, असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

काम नको असलेले हे लोक मग गेले कुठे? जुलै 2024 मध्ये ते मुंबईत कालिन्याला सापडले. विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी थेट मुलाखती होत्या. जागा 2 हजारांच्या आसपास आणि दारात लोटलेली माणसं इतकी की चेंगराचेंगरीची भीती निर्माण झाली, अर्ज गोळा करून गर्दीला परत पाठवावं लागलं. काम अंगमेहनतीचं, नेमणूक कंत्राटी आणि पगार 20-22 हजारांच्या घरात. त्याच वर्षी राज्यातल्या पोलीस भरतीच्या 17 हजारांवर जागांसाठी 17 लाखांहून अधिक अर्ज आले. पावसाळ्याच्या तोंडावर पहाटे मैदानावर धावून, गोळा फेकून निवड व्हायची ती नोकरी. कष्ट नको असलेली पोरं चिखलात धावत होती.

“सगळ्यांना सरकारी नोकरीच हवी” हा यावरचा ठरलेला शेरा. हवीच. का हवी, हे मात्र शेरा मारणारा विचारत नाही. पगाराची तारीख ठरलेली असते, सुट्टी मागताना तोंड वेंगाडावं लागत नाही, पाच वर्षांनी आपण कुठे असू याचा अंदाज येतो आणि ‘ए’ म्हणून हाक मारायला वरचा माणूस दोनदा विचार करतो. यातल्या किती गोष्टी लहान दुकानदाराला देता येणार नाहीत?

त्याऐवजी तो काय देतो, ते काचेवर चिकटवलेल्या कागदावर पाहता येतं. ‘कामासाठी मुले-मुली पाहिजेत. प्रामाणिक, मेहनती, निर्व्यसनी. पगार योग्यतेनुसार.’ मालकाला काय हवं ते यात तीन विशेषणांत आलं, येणाऱ्याला काय मिळेल त्याचा पत्ता नाही. गंमत अशी की याच दुकानात आत भिंतीवर जादा पावाची, जादा शेवेची, पार्सलच्या डब्याचीसुद्धा किंमत लिहिलेली असते. फक्त माणसाचीच लिहायची लाज वाटते. मुलगा तरीही आत जातो. गल्ल्यावरचा माणूस नोटा मोजता मोजता विचारतो, “आधी कुठं होतास? का सोडलंस? गाव कुठलं?” मुलगा चाचरत म्हणतो, “शेठ, पगार?” “आधी काम तर बघू दे, मग बोलू.” “सुट्टी?” “सुट्टीसाठी आलायस का कामासाठी?” झाली मुलाखत. यातून प्रामाणिक आणि मेहनती माणूस निवडून काढण्याची काही युक्ती असेल, तर ती मालकालाच ठाऊक.

कामाला लागल्यावर पहिल्या महिन्याचे पंधरा दिवस ‘मागे’ ठेवले जातात. सोडून जाऊ नये म्हणून. आधार कार्ड गल्ल्यात जातं. लग्नाला, आजारपणाला उचल दिली जाते, ती उपकार म्हणून आणि बेडी म्हणूनही. एक खाडा झाला तर दोन दिवसांचे पैसे कापणारेही आहेत. माणूस टिकवण्यासाठी मालकानं केलेली ही सगळी सोय! ज्याला राहावंसं वाटेल असं काहीच केलेलं नाही, त्याला जाता येऊ नये एवढीच तजवीज. मग तो एका रात्री मागचे पंधरा दिवस सोडून, न सांगता निघून जातो आणि मालक कपाळाला हात लावून म्हणतो, बघा, न सांगता गेला! सांगून गेला असता तर हिशेब मिळाला असता का? नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली वेतन संहिता म्हणते, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा आणि काम सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. दुकानात दोनच माणसं असली तरी. कितीजण करतात?

पगाराच्या आकड्यातही मेख असते. समजा, ठरले 15 हजार. दुकान सकाळी दहा ते रात्री दहा, आठवड्याची सुट्टी ‘कामाप्रमाणे’, म्हणजे नाहीच. महिन्याचे तास झाले 360, ताशी मजुरी 42 रुपयांच्या आत. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 तास, एक सुट्टी आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दर असं ठरलं. आठवड्याचे 48 धरले तर महिन्याचे साधारण 208 तास होतात. वरच्या 152 तासांचा दुप्पट दरानं ढोबळ हिशेब केला तर आणखी 22 हजारांच्या जवळ रक्कम जाते. म्हणजे या कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या मालकानं या माणसाला 37 हजारांच्या आसपास द्यायला हवेत. तो देतो 15 आणि वर म्हणतो, दोन वेळचं जेवण देतो! (तेवढं जादा काम करून घ्यायलाही कायदा परवानगी देत नाही, हा मुद्दा तूर्त सोडून देऊ.) बरं, या कायद्याची बहुतेक कलमं दहा कामगार असतील तिथेच लागू होत होती. कितीतरी दुकानांत नववा माणूस असायचा आणि दहावा कधीच नसायचा, तो का, हे निराळं सांगायला नको. त्यावर सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं रोजचे तास 10 वर आणि कामगारांचा आकडा 20 वर न्यायला मंजुरी दिली. सरकारनं ऐतखाऊ कोणाला केलं, याचा फेरविचार करायला हरकत नाही.

राहिलं ‘आमच्या वडिलांच्या वेळी’. त्या वेळी हॉटेलात बारक्या असायचा. चड्डी, बनियन, खांद्यावर ओला फडका, वय नऊ-दहा. टेबल पुसायचा, विसळलेले कप रचायचा, तारेच्या जाळीत सहा ग्लास अडकवून आसपासच्या दुकानांत चहा पोहोचवायचा आणि रात्री त्याच बाकांवर झोपायचा. माणसं मिळत होती यातली ‘माणसं’ कितीतरी ठिकाणी ही होती. 10 ऑक्टोबर 2006 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात, ढाब्यावर, घरकामाला ठेवायला बंदी आली. बंदी पुष्कळ ठिकाणी धाब्यावर बसवली गेली, पण निदान बारक्या ठेवण्याची चारचौघांत चोरी झाली. तुटवड्याचा एक भाग हा आहे आणि त्याबद्दल कोणी हळहळू नये.

जुन्या काळात खरोखर टिकणारेही होते. पण ते निष्ठेची मुळी खाऊन आलेले नव्हते. मुंबईच्या उडुपी हॉटेलांचाच इतिहास घ्यावा. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून आलेला पोरगा मोरीवर भांडी घासायला लागे, मग टेबलावर, मग भट्टीवर, मग गल्ल्यावर. दिवसा काम करणाऱ्या या पोरांसाठी मुंबईत कानडी रात्रशाळा चालत. त्याच किनाऱ्यावरच्या मोगवीर समाजाची रात्रशाळा 1908 सालची. 1942 साली माटुंग्याला उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढणारे ए. रामा नायक मुंबईत आले ते पोरवयात, स्वयंपाकघरात पडेल ते काम करायला. पंधरा वर्षं एका जागी काढावीत असं वाटायला पुढे एक जिना दिसत होता, आणि गावाकडचा कोणीतरी तो चढून वर गेलेला समोर गल्ल्यावर बसलेला होता. आज त्याच धंद्यात टेबलावरचा माणूस वीस वर्षांनी टेबलावरच असतो, मालकाचा मुलगा मात्र हॉटेल मॅनेजमेंट करून थेट केबिनमध्ये येतो. जिना काढून टाकायचा आणि वर कोणी येत नाही म्हणून रडायचं!

‘शिकवलं की जातात’ ही तक्रार गॅरेज आणि ब्युटी पार्लरवाल्यांची लाडकी. मुळात ‘शिकवलं’ म्हणजे काय केलं? बहुतेक ठिकाणी दोन वर्षं पाने-पकड हातात आणून देणं, चाकं खोलणं, पेट्रोलनं पार्ट धुणं. त्यातून पोरगा बघून बघून शिकला. ज्या दिवशी तो एकटा इंजिन उतरवू लागला, त्या दिवशी त्याच्या कामाचं गिऱ्हाइकाकडून घेतलं जाणारं बिल वाढलं, पगार तोच राहिला. समोरच्या गॅरेजनं तीन हजार जास्त देऊ केले तेव्हा तो गेला, यात बेइमानी कुठे आली? मालक स्वतः स्पेअर पार्ट स्वस्त मिळाले तर वीस वर्षांचा दुकानदार एका फोनवर बदलतो, त्याला धंदा म्हणतात. शिवाय आजच्या बहुतेक गॅरेजमालकांनीही कोणा उस्तादाच्या हाताखाली शिकून, एक दिवस रामराम ठोकून स्वतःचं शटर उघडलेलं असतं. तो पराक्रम भिंतीवरच्या फोटोला हार घालून सांगितला जातो. तोच त्यांच्या पोऱ्यानं केला की गद्दारी.

पार्लरमधल्या मुली घरपोच सेवेच्या अ‍ॅपकडे जातात, वेटर डिलिव्हरीच्या गाडीवर बसतात. ती अ‍ॅपं काही धर्मादाय संस्था नाहीत, तिथली पिळवणूक निराळ्या लेखाचा विषय आहे. तरी लोक जातात, कारण कोणत्या कामाचे किती पैसे ते काम घेण्याआधी पडद्यावर दिसतं. एवढीशी गोष्ट! ती करायला लहान दुकानाला इंजिनिअर ठेवावे लागत नाहीत.

सगळ्यात विषारी कलम मराठी पोरांचं. ती काम करत नाहीत, बाहेरची बरी, हे मराठी मालकच जास्त हौसेनं सांगतात. मग मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव, अकोले या तालुक्यांतून आलेली ती मुंबईची डबेवाले मंडळी कोण? 1890 पासून उन्हापावसात, लोकलच्या गर्दीत डोक्यावर डब्यांचा हारा घेऊन धावणाऱ्या या मंडळींच्या धंद्यात नोकरच नाही. गटाचा खर्च वजा जाता राहील ते सभासदांत समान, मुकादमालाही तेवढंच. दर वर्षी गावच्या जत्रेला सगळे मिळून काही दिवस सुट्टी घेतात, तसं आधी जाहीर करतात आणि मुंबई निमूटपणे बाहेरचं खाते. कोविडनंतर डबेवाले फार घटले, ते डबे घटले म्हणून. माणसं आळशी झाली म्हणून नव्हे. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आहे. 3 हजारांहून अधिक सभासद, बहुतेक बायका, दारोदार जाऊन लोकांचा ओला-सुका कचरा हातानं निवडतात. याहून नकोसं काम शोधून सापडणार नाही. महापालिकेचा करार संपून ते काम हातचं जाईल अशी वेळ आली, तेव्हा याच बायका ते टिकवायला रस्त्यावर उतरल्या. काम तेच, घाण तीच. फक्त पैसे आणि मान त्यांच्या स्वतःच्या हातात आले होते.

‘बाहेरचा’ कामगार मालकाला आवडण्याचं कारण खरं तर उघड आहे. त्याला संध्याकाळी घरी जायचं नसतं. तो दुकानातच झोपतो, म्हणून सकाळी सहाला दूधवाल्याला शटर उघडून देतो आणि रात्री बाराला भांडी लावतो. त्याची आई दुकानात येऊन ‘पोराला ताप आहे, दोन दिवस येणार नाही’ असं सांगू शकत नाही. स्थानिक पोराला घर असतं, विचारणारं कोणी असतं, हा त्याचा दुर्गुण. आणि त्या बाहेरच्या माणसाचं तरी काय केलं? 2020 च्या टाळेबंदीत लाखो माणसं रस्त्यानं चालत निघाली ती कुठल्या ना कुठल्या मालकाकडे कामाला होतीच. दुकान उघडल्यावर त्यांनाच फोन गेले, “कधी येतोस?”

शेवटची ढाल ‘परवडत नाही’ ही. भाडं वाढलं, वीज वाढली, गिऱ्हाईक दोन रुपयांसाठी घासाघीस करतं, हे खरं. जागेच्या भाड्यानं पुष्कळ चांगले धंदे बुडवले हेही खरं. पण 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा दर महिन्याच्या 1 तारखेला बदलतो, तो वाढला की दोन दिवसांत दरपत्रकावर कागद चिकटतो. सिलिंडरला निष्ठा नाही, असं कोणी म्हणत नाही. तेल वाढलं, दर वाढला. बेसन वाढलं, दर वाढला. माणसाचाच खर्च असा, की तो वाढला तर धंदा बुडतो! आणि माणूस गेल्याचा खर्च कोणत्या वहीत लिहिला जातो? तव्यावरचा वस्ताद गेला की नवा माणूस पहिले आठ-दहा डोसे तव्याला चिकटवतो, पीठ वाया जातं, टेबलं खोळंबतात, वेटर गिऱ्हाइकाच्या शिव्या खातो आणि पुढच्या महिन्यात तोही जातो. सलूनमध्ये नेहमीचं गिऱ्हाईक दारातून डोकावून ‘तो दादा कुठंय?’ म्हणून विचारतं आणि ‘नंतर येतो’ म्हणून जातं, ते नंतर येत नाही. सेवेच्या धंद्यात गिऱ्हाईक माणसाकडेच आलेलं असतं. दुकानाचं नाव कित्येकांना आठवतही नाही.

शिवाय लोक ज्यासाठी सोडून जातात त्यातल्या कितीतरी गोष्टींना पैसे पडत नाहीत. ठरलेला वार सुट्टीचा, ठरलेली तारीख पगाराची, संध्याकाळी सुटण्याची वेळ, काम शिकल्यावर किती वाढेल याचा आधी सांगितलेला आकडा, गिऱ्हाइकासमोर न ओरडणं. बसायला एक स्टूल. केरळात कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या बायकांनी दिवसभर उभं राहण्याविरुद्ध आवाज उठवला आणि 2018 मध्ये तिथे बसण्याचा हक्क कायद्यात आला. तमिळनाडूनं 2021 मध्ये तेच केलं. स्टुलासाठी कायदा करावा लागतो, याची लाज सरकारला की शेठजींना?

तेव्हा ते वाक्य यापुढे पूर्ण बोललं जावं. ताशी 42 रुपयांत, बिनसुट्टीची, पंधरा दिवसांचा पगार गहाण ठेवणारी, दहा वर्षं त्याच जागी उभी राहणारी आणि वर कृतज्ञ असणारी माणसं मिळत नाहीत. मिळत नाहीत, हे उत्तमच झालं. बाकीची माणसं आहेत. पगार लिहिलेल्या पाट्या वाचत फिरताहेत. ज्या मालकाला हे पटत नसेल त्यानं गेल्या तीन वर्षांत सोडून गेलेल्यांची नावं एका वहीत लिहावीत आणि प्रत्येकासमोर त्याचे रोजचे तास, मिळालेल्या सुट्ट्या, शेवटची पगारवाढ आणि हिशेब चुकता केल्याची तारीख भरावी. मग सरकार, मोबाइल आणि हल्लीची पिढी यांच्यासाठी रकाना काढायचा की नाही, ते त्याचं त्यानं ठरवावं.